गोंदियातला एक मे, ऊन चढायच्या आत

गोंदिया जिल्ह्यात १ मे या तारखेला दोन वाढदिवस येतात. एक महाराष्ट्र राज्याचा, १९६० सालचा. दुसरा जिल्ह्याचा स्वतःचा, १९९९ सालचा. त्या दिवशी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याच दिवशी परभणीतून हिंगोली निघाला, म्हणजे आपल्याला एक जुळं भावंडही आहे, फक्त ते राहतं फार लांब. शिवाय कामगार दिन असतो आणि बहुतेक शाळांत वार्षिक निकालाचा कागदही त्याच सकाळी हाती पडतो. एवढं सगळं एका दिवसात, आणि तेही ऊन ऐन भरात येत असताना. सव्वीस जानेवारीला थंडी असते, पंधरा ऑगस्टला पावसाळी हवा. लहान पोरांना सोबत घेऊन साजरे करायला ते दोन्ही दिवस सोपे आहेत. एक मे तसा नाही. म्हणून तर पुष्कळ घरांत तो नुसता सुट्टीचा दिवस होऊन बसतो: पडदे ओढलेले, कूलर सुरू, मुलं मोबाइलवर. इतका मोठा दिवस असा वाया घालवायचं कारण नाही. मात्र त्यासाठी दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. लहान मुलाला ‘राज्य’ कितपत कळतं ही एक, आणि आपल्या गावावर सूर्य किती वाजता चढतो ही दुसरी.

पहिली गोष्ट आधी. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९५१ साली ॲन-मारी वाइल यांच्यासोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. जिनिव्हातल्या मुलांना त्यांनी विचारलं होतं, तू जिनिव्हाचा की स्वित्झर्लंडचा? सात-आठ वर्षांच्या आतली बरीच मुलं सांगत, मी जिनिव्हाचा आहे, मग स्वित्झर्लंडचा कसा असेन? जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्येच आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. पण दोन्ही वर्तुळं काढायला सांगितली की ती एकात एक न काढता शेजारीशेजारी काढत. भाग आणि संपूर्ण यांचं नातं त्या वयात अजून बसलेलं नसतं. आपल्याकडेही पाच वर्षांच्या मुलाला ‘तू गोंदियाचा का महाराष्ट्राचा?’ विचारून पाहा, उत्तर फारसं वेगळं येणार नाही. म्हणून त्या वयाच्या मुलाला ‘महाराष्ट्र हे भारताचं एक राज्य आहे’ हे वाक्य पाठ करायला लावण्यात अर्थ नाही. पाठ होईल, कळणार नाही.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातले गंज काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत. सगळ्यात लहान म्हणजे आपलं घर. ते गावाच्या गंजात, गाव तालुक्याच्या गंजात, तालुका जिल्ह्याच्या, जिल्हा राज्याच्या आणि राज्य देशाच्या. जिल्ह्याच्या गंजात आणखी सात तालुके आहेत हे सांगायला विसरू नका. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव असे मिळून आठ. मामाचं गाव कोणत्या तालुक्यात, मावशीचं कोणत्या, हे मुलं बरोबर लक्षात ठेवतात, कारण तिथे कैऱ्या मिळालेल्या असतात. चार वर्षांचं पोर गंज वाजवूनच मोकळं होईल. होऊ द्या. सात वर्षांचं मात्र एखाद वेळी विचारेल की मामा तर बालाघाटला राहतो, त्याचा गंज कुठाय? तिथे खरी गोष्ट सुरू होते.

गोंदियातल्या कित्येक मुलांच्या मामाचं गाव दुसऱ्या राज्यात असतं. वरती मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, पूर्वेला छत्तीसगड. घरात पोवारी, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, देवरी-सालेकशाकडे गोंडी, असं बोलणाऱ्या मुलांचा हा जिल्हा आहे. याला कारण इतिहास. गोंदिया आणि बालाघाट पूर्वी एकाच प्रांतात होते, आणि त्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि सोयरिकीच्या मधून राज्याची सीमा गेली. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० ला, द्वैभाषिकाचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले आणि यशवंतराव चव्हाण नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. छत्तीसगड तर १ नोव्हेंबर २००० ला जन्मलं. म्हणजे गोंदिया जिल्हा शेजारच्या अख्ख्या राज्यापेक्षा दीड वर्षानं मोठा आहे. धाकट्या भावंडावर दादागिरी करणाऱ्या कोणत्याही मुलाला हे फार आवडतं.

जिल्हा वेगळा का काढला, हेही सहज सांगता येतं. १९९९ पूर्वी सालेकशाच्या माणसाला जिल्हाधिकारी कचेरीत कागद द्यायचा तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास करून भंडाऱ्याला जावं लागे. काम झालं नाही तर मुक्काम, नाहीतर परत खेप. ‘प्रशासकीय सोय’ हा शब्द मुलाला कळत नाही, आजोबांची खेप कळते. घरात कुणी अशी खेप घातलेली असेल तर त्या दिवशी त्यांनाच बोलू द्यावं.

राज्य केवढं आहे हे सांगायला गोंदियाकडे एक साधन आहे, जे फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल: महाराष्ट्र एक्सप्रेस. गोंदियाहून निघते आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, अहिल्यानगर, दौंड, पुणे, सातारा, सांगली, मिरज. तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर, आणि पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत गाडी राज्याबाहेर जात नाही. नकाशावर लाल दोरा लावून ही गाडी चालवता येते. घरातल्या खुर्च्या ओळीनं मांडून तर आणखी छान चालते. एकेका स्टेशनावर काय खायला मिळतं ते विचारत जायचं. नागपूरला संत्री, जळगावला केळी, कोल्हापूरला गूळ. उलट्या दिशेची गाडीही सांगावी. गोंदिया स्टेशन मुंबई–हावडा मार्गावर जवळपास मधोमध आहे, दोन्ही शहरं साधारण हजार हजार किलोमीटरवर. पूर्वेला निघालं की आमगाव, सालेकसा, दरेकसा मागे पडतात आणि छत्तीसगड सुरू होतं. मुलाला ‘आपण राज्याच्या टोकाला राहतो’ हे नकाशापेक्षा या गाडीनं लवकर समजतं.

राज्यगीताचंही तसंच. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे अधिकृत राज्यगीत झालं आहे. कवी राजा बढे नागपूरचे, संगीत श्रीनिवास खळ्यांचं, आवाज शाहीर साबळ्यांचा. गीतात नद्यांची नावं येतात, त्यांत वैनगंगा नाही. गोंदियाच्या एखाद्या चौकस पोरीनं ‘आपली नदी का नाही?’ असं विचारलं तर गडबडून जाऊ नका. गीतातली वरदा म्हणजे वर्धा नदी. आपल्याकडची बाघ आणि गाढवी वैनगंगेला मिळतात, वैनगंगा खाली गडचिरोली-चंद्रपूरच्या हद्दीवर वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. गीतात वरदा आहे, गोदावरीही आहे. नावानिशी नसलं तरी आपलं पाणी त्या गाण्यात वाहतं. तुमच्या शेताजवळच्या नाल्यापासून सुरुवात करून ही साखळी सांगितली तर उत्तम.

आता राज्याची प्रतीकं. शाळेच्या तक्त्यावर पाच चित्रं असतात: शेकरू हा प्राणी, हरियाल हा पक्षी, ताम्हण हे फूल, आंबा हे झाड आणि ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू. फुलपाखरू यादीत सगळ्यात उशिरा आलं, २०१५ मध्ये. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. यातलं मेच्या पहिल्या तारखेला गोंदियात प्रत्यक्ष काय दिसेल? आंबा दारात आहे. ताम्हण नेमका याच सुमारास जांभळा फुलतो. पूर्व विदर्भाच्या जंगलात तो ओढ्याकाठी वाढतो आणि हल्ली शहरांत रस्त्याकडेलाही लावतात. हरियाल पाहायचा तर पहाटे फळं धरलेल्या वडा-उंबराखाली उभं राहावं. पोपटी-पिवळा, पिवळ्या पायांचा हा कबुतराचा भाऊबंद पानांत इतका मिसळतो की आधी फळं पडताना ऐकू येतात, पक्षी नंतर दिसतो. हरियाल जमिनीवर पाय ठेवत नाही, अशी जुनी समजूत आहे; ती खरी नाही, पण मुलांना सांगायला बेस्ट आहे. शेकरू मात्र तक्त्यावरच राहू द्यावा. सगळंच एका दिवशी दाखवायचा अट्टाहास कशाला?

माझं मत विचाराल तर या जिल्ह्यातल्या मुलांना तक्त्यावर नसलेला एक पक्षी आधी दाखवावा. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, पूर्ण वाढलेला नर जवळपास सहा फुटांपर्यंत जातो. महाराष्ट्रात तो प्रामुख्यानं गोंदियात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरला आहे; वैनगंगेपलीकडे बालाघाटातही आहे, म्हणून गणती होते तेव्हा दोन्ही राज्यांत मिळून करतात. धानाच्या बांध्या आणि तलाव ही त्याची जागा. घरटं तो पावसाळ्यात धानातच बांधतो. उन्हाळ्यात बोड्या आटल्या की उरलेल्या पाण्याच्या आसपास जोड्या दिसतात. परसवाडा आणि झिलमिली हे गोंदिया तालुक्यातले तलाव त्यासाठी माहितीतले आहेत. लांबून पाहायचं, पाळीवर शांत बसायचं, जवळ जाऊन फोटो काढायचा नाही. सहा फुटांचा पक्षी आपल्या बाबांएवढा आहे हे कळल्यावर चार वर्षांचं मूल जे डोळे करतं, त्यासमोर भाषण फिकं. याउलट मे महिन्यात तीन वर्षांच्या मुलाला उघड्या जिप्सीत बसवून नागझिऱ्याची सफारी घडवणं मला पटत नाही. वाघ दिसला तरी ते पेंगलेलं असतं. ती हौस आपली असते, मुलाची नसते.

इथून दुसऱ्या गोष्टीकडे यावं लागतं, म्हणजे उन्हाकडे.

घड्याळ साऱ्या देशाचं एक आहे, सूर्य मात्र पूर्वेकडच्यांना आधी भेटतो. गोंदिया साधारण ८०.२ पूर्व रेखांशावर, मुंबई ७२.९ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या सूर्यात जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर. एक मेला गोंदियात सूर्य पाच-चाळीसच्या सुमारास उगवतो, मुंबईत सहा-दहाच्या सुमारास. मुंबईत आठ वाजता जेवढं ऊन चढलेलं असतं, तेवढं आपल्याकडे साडेसातलाच चढलेलं असतं. त्यात मुंबईला समुद्र आहे. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला तर कुणी बातमीही करत नाही.

बरं, हा बेचाळीसचा आकडा सावलीतला. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. तीन वर्षांचं मूल एक मीटरही उंच नसतं. ते जमिनीच्या अधिक जवळ असतं, आणि उन्हात सगळ्यात आधी व सगळ्यात जास्त तापते ती जमीन, त्यातही डांबर. बाप म्हणतो ‘एवढं काही ऊन नाही’, तेव्हा तो आपल्या उंचीवरून बोलत असतो.

मुलाचं शरीरही वेगळं असतं. वजनाच्या मानानं त्याची त्वचा जास्त, म्हणून बाहेरची उष्णता ते लवकर ओढून घेतं. घाम मोठ्यांपेक्षा कमी सुटतो. आणि तहान लागली तरी खेळ सोडून पाणी मागायचं त्याला सुचत नाही. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की वारा अंग थंड करत नाही, तापवतो. त्यालाच आपण झळ लागणं म्हणतो, आणि म्हणूनच विदर्भात माणूस उन्हात दुपट्टा सोडत नाही, उलट गुंडाळतो. अशा हवेत शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम वाळवणं. आपली हवा कोरडी असल्यामुळे तो झपाट्यानं वाळतो. कूलरही याच कारणानं इथे चालतो आणि मुंबईत चालत नाही. पण यात एक धोका लपलेला आहे. घाम दिसायच्या आतच वाळतो, मुलाचं अंग कोरडं लागतं आणि आईला वाटतं, याला घाम आलाच नाही. पाणी मात्र निघून गेलेलं असतं. लघवी कमी आणि गडद पिवळी झाली, की समजावं.

म्हणून मागितल्यावर नव्हे, आठवणीनं पाणी पाजायचं. कैरीचं पन्हं चांगलं. त्यात साखर वा गूळ आणि मीठ दोन्ही असतं. मठ्ठा चांगला. रस्त्यावरचं बर्फगोळ्याचं बर्फ पिण्याच्या पाण्याचं असेलच असं नाही, तेव्हा त्या दिवशी गोळा घरीच करावा. घरचं मीठसाखरपाणी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडता कामा नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीही नको, आईचंच दूध पुन्हापुन्हा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याला माझा विरोध नाही, पण तो पाण्याची जागा घेत नाही. मूल सुस्त झालं, अंग भट्टीसारखं तापलं, बरळू लागलं, तर सावलीत घेऊन ओल्या कपड्यानं अंग पुसत राहावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नये.

हे शास्त्र जिल्ह्यातल्या हजारो घरांना कुणी शिकवलेलं नाही, तरी त्यांचं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं आहे. मे महिना हा तेंदूपत्त्याचा हंगाम. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडे माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात, ऊन तापायच्या आत पानं घेऊन घरी येतात, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. पुडकी बांधायला मुलंही बसतात. कामगार दिनाची सुट्टी या कामगारांना नसते. शिकागोच्या १८८६ च्या लढ्याची, आठ तासांच्या मागणीची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. पण घरात विडी ओढणारे आजोबा असतील, तर त्या विडीचं पान कुणी, कोणत्या जंगलात, किती वाजता उठून तोडलं असेल, हेही त्याच दिवशी सांगावं. आणि विदर्भवादी मंडळी या दिवशी काळ्या फिती का लावतात, असं एखाद्या मोठ्या मुलानं विचारलं तर तेही लपवू नये. वेगळ्या राज्याची मागणी करणारे लोकही याच मातीतले आहेत, एवढं त्याला कळायला हरकत नाही.

शेवटी एक विनंती, मुख्याध्यापकांना आणि सरपंचांना. मुख्य शासकीय ध्वजारोहण राज्यभर सकाळी आठला असतं. त्याला अडचण होऊ नये म्हणून इतर कार्यालयांनी व संस्थांनी आपला कार्यक्रम ७.१५ च्या आधी किंवा ९ नंतर करावा, असं शासनाचं परिपत्रक सांगतं. म्हणजे निवड आपल्या हातात आहे. विदर्भाचं ऊन शासनालाही मान्य आहे. म्हणून तर इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि आपल्याकडे त्यानंतर. मग ध्वजारोहणही पावणेसातला का होऊ नये? त्या वेळी सूर्य उगवून तास झालेला असतो, उजेड भरपूर असतो आणि जमीन अजून तापलेली नसते. लहान वर्गांना मांडवात बसवा, पिण्याचं पाणी भरून ठेवा, भाषण एकच ठेवा आणि तेही पाच मिनिटांचं. निकालाचे कागद वर्गात, सावलीत वाटा. सव्वासातला मुलं मोकळी झाली, तर साडेआठपर्यंत तलावाची पाळ पाहून घरी पोचतील.